आईच्या वाटणीचं रान

आयबापानं हाकलली आसंल गं, नायतं कोन ऱ्हातं आसं रानात एकटं, असं एक बाई शेजारणीला म्हणाली, आणि मी त्याच टमटममध्ये त्यांच्या समोर, गुडघ्याला गुडघा लागेल इतकी जवळ बसलेली. खालापूरहून निघालो होतो. माझी स्कूटी पंक्चर होती म्हणून त्या दिवशी टमटम. मला ओळखलं नव्हतं असं नाही, ओळखलं म्हणूनच तिने आवाज खाली केला होता, पण टमटमच्या धडधडीत खाली केलेला आवाज म्हणजे साधा बोलण्याचाच आवाज होतो. दुसरी म्हणाली, शिकलेली हाय म्हनं, कंपनीत जाते. पहिली म्हणाली, मंग तं आजूनच काय तरी आसंल. मी बाहेर बघत राहिले. तोंड उघडून तसं नाही हो मावशी, एवढं म्हणायचं होतं, ते उतरायची जागा आली तरी तोंडातच राहिलं. माझं असंच होतं. मला जे म्हणायचं असतं ते मी वर चढताना, अर्ध्या वाटेत, झाडांना ऐकवते.

हाकललं नाही मला कुणी. हे आधी लिहून घ्या, बाकीचं मग.

मी कर्जतची. खाली बाबांचं घड्याळं दुरुस्त करायचं दुकान, वर आम्ही राहायचो. दुकान म्हणजे माणसांची ये-जा, आणि खालची माणसं दोन मिनिटांत वर, चहाला. शाळा इंग्लिश मीडियमची, घरी मराठी, आणि दोन्हीकडे मी गप्प. शाळेत बाई म्हणायच्या स्पीक अप, घरी पाहुणे म्हणायचे हिला बोलता येतं ना. येत होतं. पण मनातलं कुठल्या भाषेत बोलायचं हे माझं काही ठरलंच नाही. पुढे केमिस्ट्री केली आणि कुंभिवलीकडे एका रंगाच्या कारखान्यात लागले, लॅबमध्ये. कालचा निळा आणि आजचा निळा एकच आहे का, हे बघायचं काम. त्यात बोलायला फार लागत नाही. मला आवडतं ते.

आता या जागेचं सांगते. ही जागा आईची. आईचं माहेर लोधिवलीच्या आत. आजोबांची रस्त्यालगत शेती होती, घर होतं, आणि वर डोंगराच्या पोटाशी ही वरकस, म्हणजे भात न होणारी, गवताची आणि झाडांची जमीन. आजोबा गेल्यावर मामाने, एकच मामा मला, आईला हक्कसोडपत्रावर सही करायला बोलावलं. आमच्याकडे बहिणी सही करतात, जबरदस्ती कुणी करत नाही, आपला वाटा भावाला सोडायचा आणि माहेर राखायचं, एवढ्यासाठी करतात. आईने शेतीसाठी केली, घरासाठी केली, आणि या वरकसीची वेळ आली तेव्हा पेन खाली ठेवलं. म्हणाली, एवढं मला असू दे. का, ते तिथे सांगितलं नाही. मला पुष्कळ पुढे सांगितलं. लहान असताना राबासाठी, म्हणजे भाताच्या रोपांची जमीन भाजायला, फांद्या तोडायला आजोबा वर यायचे तेव्हा तिला बरोबर आणायचे, वाट चढून दमली की खांद्यावर घ्यायचे, आणि मग दिवसभर दोघंच. ते झाडावर, ही खाली. हाका मारून कामाला लावणारं कुणी नाही. घरात सात-आठ माणसं, त्यात ती मुलगी, तिला बापाजवळ नुसतं बसायला मिळायचं ते इथेच.

मामा भांडला नाही. भांडला असता तर बरं झालं असतं. बरं म्हणाला, आणि त्या दिवाळीत भाऊबीजेला आला नाही.

मी तेव्हा शाळेत होते, मला ती संध्याकाळ नीट आठवते. आईने दुपारीच तबक करून ठेवलं होतं, निरांजन, सुपारी, अक्षता, आणि मामाला आवडतात म्हणून ओल्या नारळाच्या करंज्या. बाबा म्हणत होते घाटाखाली ट्रॅफिक असेल, आज सगळेच निघतात. आई निरांजनाची वात सारखी करत होती. मग दिवस मावळला तसं तिने निरांजन लावलं, तबक घेऊन गॅलरीत गेली आणि चंद्राला ओवाळलं. बीजेची कोर असते ती, बारीक, आणि लगेच मावळते, त्यामुळे उशीर करून चालत नाही. ज्यांना भाऊ नाही त्या बायका असं चंद्राला ओवाळतात. आईचा भाऊ तासाभराच्या रस्त्यावर धडधाकट होता. तेव्हापासून दरवर्षी ती गॅलरीत जाते, आणि मी आणि बाबा आत टीव्ही लावून बसतो, तिकडे बघायचं नाही म्हणून.

आणि काय सांगू तुम्हाला, जिच्यासाठी हे सगळं झालं ती जमीन बघायलाही आई त्यानंतर आली नाही. कारण वर यायची वाट निघते तीच मामाच्या अंगणाला लागून. तुम्हीही तिथूनच आलात, पत्र्याची शेड आहे ना, ते घर. त्या दारावरून जायचं आणि आतून कुणी ये म्हणायचं नाही, हे तिला सोसलं नसतं. म्हणजे जमिनीपायी भाऊ गेला, आणि मग भावापायी जमीनही गेली, नुसती नावावर राहिली.

मी पहिल्यांदा आले ती बाबांबरोबर. कुणीतरी सांगितलं होतं की वर झाडं तोडतायत, म्हणून बघायला. कुणी तोडत नव्हतं. बाबा ओढ्याकडे गेले आणि मी पाणवठ्याजवळच्या वाकड्या आंब्याखाली बसले. बराच वेळ गेला तेव्हा माझ्या लक्षात आलं की मला कुणी काही विचारलेलं नाही. घरी तेव्हा स्थळं बघणं चालू होतं. रोज कुणीतरी काहीतरी विचारायचंच, आणि मी काही बोलले नाही की तो होकार धरायचे. इथे गप्प बसलं तर ते नुसतं गप्प बसणं होतं.

मी घरी सांगितलं की मला तिथे राहायचंय. बाबा हसले, मग माझ्याकडे बघून हसायचं थांबले. आई एवढंच म्हणाली, दार पूर्वेला कर, आणि कडी आतून भक्कम घे.

घर तुम्ही बघताच आहात. कारवीच्या काठ्यांचा कूड, वरून माती आणि शेण, कौलं जुनी, कुणाचं तरी घर उतरवलं त्याची. वाडीवरच्या जनीबाईच्या नवऱ्याने बांधलं, मी हाताखाली. विजेचा खांब खाली वाडीपर्यंतच आहे. पुढे आणायला मी कुणाकडे गेले नाही. छोटं पॅनेल आहे, त्यावर दोन दिवे आणि फोन. चूल आहे. पाणी झऱ्याचं, वैशाखात एवढं बारीक होतं की कळशी लावून ठेवायची आणि आपलं दुसरं काम करून यायचं. पावसाळ्याआधी कौलं शाकारायची, होळीच्या सुमारास चहूबाजूंनी गवत काढून पट्टा मोकळा करायचा, वणवा आला तर घरापर्यंत पोचू नये म्हणून. सगळे विचारतात तसं तुम्हीही विचाराल, भीती वाटते का. फुरसं सापाची वाटते, चप्पल झटकल्याशिवाय पाय घालत नाही. भेकर ओरडलं की पहिल्या वर्षी दचकायचे, आता ते ओरडलं नाही तर काय झालं असेल असं वाटतं. माणसांची भीती म्हणाल तर ती मला कर्जतलाही वाटायचीच.

पण तिन्हीसांजेचं मात्र सांगते. त्याला भीती म्हणता येणार नाही. चूल पेटवते, बाहेर ओट्यावर येऊन बसते, खाली एक्स्प्रेस वेच्या गाड्यांचे दिवे लागलेले असतात, एकामागून एक, त्यांचा आवाज इथवर येतो, भात शिजायला लागल्यावर येतो तसा. त्या वेळी आई कर्जतला देवाजवळ दिवा लावत असते. मग ती पदराला हात पुसत गॅलरीत येते, पाच मिनिटं काहीही न करता उभी राहते, आणि आत जाते. हे मला इथे बसून दिसतं. मला एकटीला राहायचं होतं आणि मला आई हवी होती. दोन्ही एकाच वेळी. हे कुणाला सांगितलं तर म्हणतील मग घरी जा की. घरी गेले की मला आई भेटायची नाही. घरी आई कामात असते, चहा करत असते, कुणाला तरी या बसा म्हणत असते. मला ती हवी होती इथे, त्या आंब्याखाली, काही न करता बसलेली. जशी ती लहानपणी आजोबांजवळ बसायची.

फोनला रेंज एकाच खडकावर येते, वर गेलं की डावीकडे. रोज सातला मी त्या खडकावर. सुरुवातीला एकदा मी म्हणून बघितलं, मिस यू, आई. ती म्हणाली, बरं, आज आमटी कशाची केलीस. इंग्रजीतलं माझं मन तिच्यापर्यंत पोचतच नाही, आणि मराठीत ते कसं म्हणतात मला माहीत नव्हतं. मग मी आमटी सांगायचे, आणि ती झाडं विचारायची. पाणवठ्याकडचा वाकडा आंबा आहे का गं अजून. ओढ्याच्या वरचे ते ऐन, तीन होते, आहेत ना. मोह फुलला का. माहेरच्या माणसांची चौकशी करावी तसं एकेकाचं विचारायची. आंबे उतरले की मी बाबांबरोबर पिशवी पाठवते. बाबा महिन्यातून दोनदा येतात, आईने दिलेली चटणी, लोणचं आणि विजेरीचे नवीन सेल घेऊन. येताना आंब्याच्या कोया परत आणतात. आई त्या धुऊन, वाळवून, फडक्यात बांधून पाठवते. लाव म्हणून सांग तिला, म्हणते.

मी तिला किती वेळा म्हटलं, बघायला ये ना. काय बघायचंय तिथे, मी बघितलेलंच आहे. मग म्हटलं, घर तरी बघायला ये. तर गुडघे दुखतात. मग, बाबांच्या जेवणाचं काय. मागून बाबा म्हणतात, माझं काय, मी मिसळ खाईन चार दिवस. ती म्हणते, ऐकलंस, यांना तर निमित्तच हवंय. आणि फोन ठेवते. मी बघायला ये, बघायला ये करत राहिले आणि वर्षं गेली.

मामाचं म्हणाल तर, तो ओटीवर खुर्ची टाकून बसलेला असतो. मी स्कूटी अंगणाच्या कडेला लावायचे आणि मान खाली घालून वाटेला लागायचे. पहिलं वर्षभर तो माझ्याकडे बघायचा नाही, म्हणजे मी बघत नसताना बघायचा. मग एका पावसाळ्यात म्हणाला, पत्र्याखाली लाव ती, सडंल. मी लावली. थँक्यू म्हणाले, तर तोंड वाकडं करून म्हणाला, कंपनीत म्हन ते. गेल्या दिवाळीनंतर एकदा त्याने मला हाक मारली. बाय, तुजी आय बरी हाय ना. मी हो म्हटलं. गुडघं दुखतात का आजून. हो. मग तो शेडकडे बघत म्हणाला, म्हनावं ये कदी तरी. मी काय दार लावून घेतलंय का.

मी धावत वर गेले, काळोख पडायच्या आत खडकावर. आईला सांगितलं, मामा ये म्हणतोय. ती म्हणाली, तुझ्या तोंडी निरोप पाठवतो का. न्यायला यायला पाय नाहीत त्याला. मी म्हटलं, अगं बाबा स्कूटरवरून आणतील तुला, त्यात काय. तर म्हणाली, नवऱ्याने नेऊन सोडलेलं माहेर नसतं गं. आणि मग ती बोलत राहिली, एवढं ती फोनवर कधी बोलली नव्हती. लग्नानंतर आजोबा तिला न्यायला यायचे, एसटीने, टोपी घालून. यायचे ते बाहेरच्या खुर्चीवर बसायचे, आत यायचे नाहीत, जेवायचे नाहीत, नुसता चहा. आजी, म्हणजे बाबांची आई, काही ना काही काढायचीच, पापड करायचेत, पाहुणे यायचेत, पण माहेरचं माणूस दारात येऊन बसल्यावर तिलाही नाही म्हणता यायचं नाही. आजोबा थकल्यावर मामा यायचा. कुणी न्यायला आलं, म्हणजे तिकडे कुणीतरी वाट बघतंय, असं आई म्हणाली. आणि म्हणाली, जाऊ दे, आता या वयात कसलं माहेर. तुझी चूल विझेल, जा.

मग मी ठरवलं की मामाला सांगायचं, तू जा तिला आणायला. रोज ठरवायचे. स्कूटी लावायचे, तो खुर्चीत असायचा, मी किल्ली पर्समध्ये टाकायला जास्त वेळ लावायचे, आणि वाटेला लागायचे. त्याला हे सांगायचं म्हणजे तुझं चुकलं असं सांगायचं, आणि आईचंही नाव घ्यायचं. महिने गेले असे.

यंदाच्या शिमग्याला जनीबाई माझ्या ओट्यावर येऊन बसली, कुणावर तरी करवादलेली. मी विचारलं काय झालं. तर तिच्या लेकीला तिकडून आणायचं होतं आणि पोरगा म्हणत होता कंपनीत सुट्टी नाही. पोरगी तिकडं पिशवी भरून बसली आसंल, म्हणाली, आन हा सुट्टी मोजतोय. मी म्हटलं, मग येईल की ती तिची, रस्त्यापर्यंत टमटम आहे. जनीबाई माझ्याकडे बघतच राहिली. म्हणाली, येती की, तिला काय वाट ठावं नाय का. पर न्यायला नको कोनी? मी विचारलं, आणि भाऊ नसेल तर, किंवा गेलाच नाही तर. ती म्हणाली, तं बापानं जावं, भाच्यानं जावं. कोनीच नसंल तं जिच्या चुलीवर जेवायचं तिनं जावं. नायतं मला पाठीव, येताना मी कर्जतला वडापाव खाऊन येन. आणि हसत उठली, माझा कोयता मागून घेतला आणि खाली गेली. पोरगा दुसऱ्या दिवशी गेला बहिणीला आणायला, ते मी खडकावरून बघितलं. परत येताना तो पुढे पिशवी घेऊन आणि ती मागे, दोघं भांडत.

मी चूल पेटवली त्या संध्याकाळी, आणि तिच्यासमोर बसून राहिले. चूल माझी आहे, हे मला माहीत नव्हतं असं नाही. पण जमीन आईची, झाडं आईची, म्हणून मी स्वतःला इथली राखणदार समजत होते, आई तिची ती येईल तोवर. माहेर तिचं, तर त्यात माझं काय, मी तर तिची मुलगी, असं वाटायचं. पण ती आली तर जेवणार माझ्याच चुलीवर.

रविवारी सकाळी मी निघाले. घर झाडून घेतलं, दुसरी चटई उन्हात टाकली, कळश्या भरून ठेवल्या. खाली मामा खुर्चीत होता. कुठं चाललीस सकाळचीच, म्हणाला. मी थांबले. म्हटलं, आईला आणायला. मी स्कूटी बाहेर काढली तेव्हा तो उठून आत गेला, आणि आतून मामीला काहीतरी सांगत होता ते ऐकू आलं, काय ते कळलं नाही.

कर्जतला पोचले तर दुकान बंद, बाबा वरच होते, पेपर वाचत. मी चप्पल दाराबाहेर काढली आणि बाहेरच्या खोलीतल्या खुर्चीवर बसले, पाहुणे बसतात त्या. बाबा म्हणाले, अगं आत जा की, हात-पाय धू, पोहे केलेत. मी म्हटलं, नको, इथेच बसते. त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं, पेपरची घडी केली आणि टीव्ही बंद केला. आई स्वयंपाकघरातून आली, पदराला हात पुसत. काय गं, बरं नाही का, तिथे का बसलीस अशी. मी गुडघ्यावर हात ठेवून बसले होते. बाबांकडे बघितलं, तर ते घड्याळाकडे बघत होते. आई दारातच उभी राहिली. पुढे आली नाही.

पुढचं तुम्हाला मी सांगणार नाही. आई काय म्हणाली ते तिचं आहे, तिने सांगितलं तर लिहा. मी काय म्हणाले तेवढं सांगते. मी उठून उभी राहिले आणि म्हणाले, आई, मी तुला न्यायला आलेय. चार दिवस माहेरी चल.